थोड्या पैशांतला विज्ञानपट की भयपट? आधी टंचाई निवडा, मग कथा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात गफलत होत असेल तर सांगता येईल. तुमच्याकडे एक पटकथा आहे: परग्रहावर उतरलेलं नादुरुस्त यान, आत चौघंजण, आणि बाहेर काहीतरी फिरतंय. पैसे थोडे. युनिट म्हणजे ओळखीतली सात-आठ माणसं. मित्र म्हणतात, विज्ञानपटाचा नाद सोड, भयपट कर, तो स्वस्तात होतो. तुम्हाला स्वतःला जुने इटालियन वेस्टर्न अतिशय आवडतात, आणि त्या लोकांनी तुटपुंज्या पैशांत एवढं भव्य काही कसं उभं केलं हे कळलं तर आपल्यालाही वाट सापडेल असं वाटतं. शिवाय तीन छोटे प्रश्न आहेत: फोनवर शूट करावं का, मुद्दाम 'बी ग्रेड' दिसेल असाच सिनेमा करून मजा आणावी का, आणि आधी लघुपट करावा का.

मी संकलक आहे. माझ्या टेबलावर येतात ते बहुतेक कमी पैशांतले सिनेमे. भुतांचे, खुनांचे, एखाददुसरा अंतराळाचा. सेटवर घाईच्या वेळी 'हे बघू नंतर' म्हणून जे सोडून दिलं जातं ना, ते नंतर बघायला मीच बसलेली असते. तेव्हा हे उत्तर त्या खुर्चीतून दिलेलं आहे. एखादा कॅमेरामन किंवा निर्माता तुम्हाला वेगळं सांगेल, आणि त्याचंही बरोबर असेल.

'कोणता प्रकार स्वस्त' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण मुळात स्वस्त असा कुठलाच प्रकार नसतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही असं आपण म्हणतो. पडद्यावर तर ते सोंग पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. कमी खर्चाचे जे चित्रपट टिकले त्यांनी ते आणलंच नाही. आपल्याकडे एक गोष्ट नाही हे त्यांनी मान्य केलं आणि कथाच अशी घेतली की ते नसणं तिला पचावं. म्हणून स्वतःला विचारा: माझ्याकडे नक्की काय नाही? जागा नाही, वेळ नाही, नट नाहीत, सेट नाही की आवाजाची सोय नाही? यातलं एकेक नसणं वेगळ्या प्रकारच्या कथेला चालतं.

आता यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग मोठा आहे, तो आधी सांगते. कमी बजेटच्या दंतकथांमध्ये जे आकडे फिरतात त्यांच्यावर स्वतःचा हिशोब बसवू नका. रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'एल मारियाची' (१९९२) ७ हजार डॉलरमध्ये झाला हे खरं आहे, पण ते पैसे मुख्यतः फिल्म, ती धुणं आणि व्हिडिओवर उतरवणं यांत गेले. माणसं, जागा, गाड्या सगळं ओळखीवर मिळालेलं. पुढे चित्रपटगृहात लावण्यासाठी स्टुडिओनं प्रिंट आणि ध्वनीवर त्याच्या कित्येक पट खर्च केला. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) साधारण १ लाख १४ हजार डॉलरचा, पण रोमेरो आणि मंडळींची पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणारी स्वतःची कंपनी होती. दिवे, कॅमेरा, संकलनाची सोय घरचीच. आपल्या रामसे बंधूंचं घ्या. भावांपैकी तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू छायाचित्रण, किरण ध्वनी. अर्धं युनिट एकाच घरातलं. म्हणजे आकड्यापेक्षा 'तुम्हाला काय फुकट मिळतं' ही यादी महत्त्वाची. तुमची यादी मला माहीत नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या यादीशी ताडून घ्या.

आता तुमच्या आवडीच्या विषयाकडे येते, कारण त्यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे आणि त्याच्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त आहेत.

सर्जिओ लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) सुमारे २ लाख डॉलरमध्ये झाला. इटली, स्पेन आणि पश्चिम जर्मनी अशा तीन देशांचा पैसा. शूटिंग स्पेनमध्ये: आल्मेरियाचा रखरखीत भाग, आणि माद्रिदजवळ आधीच्या चित्रपटासाठी बांधलेलं, तसंच उभं असलेलं वेस्टर्न गाव. नामांकित अमेरिकी नट परवडत नव्हते, म्हणून दूरदर्शन मालिकेत काम करणारा क्लिंट ईस्टवूड १५ हजार डॉलरवर आला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण ते चित्रपट *तसे* का दिसतात, याचं उत्तर फिल्मच्या छिद्रांत आहे.

३५ मिलिमीटर फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रं असतात आणि नेहमीची एक फ्रेम चार छिद्रांइतकी उंच असते. टेक्निकलरच्या इटलीतल्या शाखेनं १९६० च्या सुमाराला टेक्निस्कोप नावाची पद्धत काढली, त्यात फ्रेम दोनच छिद्रांची. म्हणजे जो हजार फुटांचा रोल ११ मिनिटं चालायचा तो २२ मिनिटं चालणार. फिल्मचा खर्च थेट निम्मा. फ्रेमची उंची अर्धी झाल्यामुळे चित्र आपोआप लांबट, रुंद पडद्याचं झालं, आणि त्यासाठी महागड्या अॅनामॉर्फिक लेन्स (रुंद चित्र दाबून फिल्मवर बसवणाऱ्या) लागेनात, साध्या लेन्स पुरल्या. आता त्याची किंमत: निगेटिव्ह लहान, म्हणून पडद्यावर मोठं करताना दाणा, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, दिसतो. दूरच्या दृश्यातले बारकावे विरघळतात. चेहरा मात्र टिकतो. भरभरून जवळ घेतलेला चेहरा, घाम, दाढीचे खुंट, बारीक केलेले डोळे हे दाण्यासकट झकास दिसतं. शिवाय साध्या, कमी फोकल लांबीच्या लेन्समुळे खोलवर फोकस मिळतो. पुढे माणसाचा चेहरा आणि मागे दूरवर उभा दुसरा माणूस, दोन्ही एकाच फ्रेममध्ये स्पष्ट. लिओनेची जी शैली म्हणून आपण ओळखतो, अतिजवळ आणि अतिदूर यांचा खेळ, ती त्याच्या प्रतिभेची आहेच, पण त्या स्वस्त फिल्मच्या स्वभावाला धरून आहे. फिल्मला जे जमत नव्हतं ते त्यानं तिच्याकडे मागितलं नाही.

आवाजाचंही तसंच. इटलीत तेव्हा सेटवरचा आवाज वापरायची पद्धतच नव्हती. इटालियन, स्पॅनिश, जर्मन, अमेरिकी नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळं नंतर डब होई. याचा तोटा उघड आहे, ओठ जुळत नाहीत. फायदा हा की ध्वनिपट कोऱ्या पाटीवर रचावा लागे. वारा किती, पावलं किती, काडी ओढल्याचा आवाज केवढा, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं. संवाद कमी ठेवणं सोयीचं, म्हणून नायक अबोल. एन्नियो मोरिकोनेकडे मोठ्या वाद्यवृंदाचे पैसे नव्हते, तेव्हा शीळ, इलेक्ट्रिक गिटार, चाबकाचे फटकारे आणि घंटा आल्या. ती शीळ आणि गिटार दोन्ही अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी या एकाच माणसाची. पुढे लिओनेकडे भरपूर पैसा आला तरी हे वळण मोडलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'ची कथा जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या 'योजिंबो' (१९६१) वरून उचललेली होती, हक्क न घेता. तो चित्रपट काढणाऱ्या तोहो कंपनीनं दावा लावला. तडजोडीत जगभरच्या उत्पन्नातले १५ टक्के द्यावे लागले, आणि अमेरिकेत चित्रपट लागायला १९६७ उजाडलं. रोमेरोची गंमत याच्या उलट. त्याच्या चित्रपटाचं नाव शेवटच्या क्षणी बदललं, नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ टाकायची राहिली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही दाखवावा, कुणीही विकावा. तेव्हा नटांचे करार, संगीताचे हक्क, जागेच्या मालकाची लेखी परवानगी हे सगळं शूटिंगच्या *आधी* कागदावर आणा. ओळखीतल्या माणसांकडून तर नक्कीच.

स्वतः वेस्टर्न करण्याचा विचार असेल तर सोडून द्या. घोडे, कपडे, हत्यारं, जुन्या काळातली वाटेल अशी जागा. त्या मंडळींना हे सगळं स्वस्त पडलं ते त्या काळात आणि त्या देशात.

भयपटाबद्दल मित्र अर्धं बरोबर सांगतायत. भयपटाला अनोळखी चेहरे चालतात, किंबहुना बरे पडतात, कारण ओळखीचा तारा मरणार नाही हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. अंधार चालतो. एकच घर चालतं. पण भयपटाला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसे. भीती ही नेमकेपणाची गोष्ट आहे. दार उघडण्याचा शॉट पुन्हापुन्हा घ्यायची तयारी नसेल तर भयपट हाती घेऊ नका.

हा नेमकेपणा म्हणजे काय ते पाहायचं असेल तर 'कॅट पीपल' (१९४२) मधला रस्त्याचा प्रसंग पाहा. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर. आरकेओ स्टुडिओची ल्यूटनला अट होती की चित्रपट दीड लाख डॉलरच्या आत आणि सव्वा तासाच्या आत बसवायचा, आणि नाव स्टुडिओ देईल ते. नाव मिळालं मांजरमाणसांचं, आणि मांजरमाणूस दाखवायला पैसे नव्हते. प्रसंग असा: रात्री एक बाई पदपथावरून एकटी चालली आहे, मागे दुसरी. रस्त्याच्या दिव्यांखाली उजेडाचे गोल, मध्ये काळोख. आपल्याला ऐकू येतात फक्त उंच टाचांचे दोन ठेके, एक सावकाश, एक घाईचा. कट आलटूनपालटून. मग मागचा ठेका थांबतो. आता फक्त पुढचीची पावलं. ती मागे बघते, रस्ता रिकामा. ती वेग वाढवते, जवळपास धावायला लागते, आणि एकदम श्वापदानं फिस्कारावं तसा आवाज येतो, पण फ्रेममध्ये शिरते ती बस, आणि तो आवाज तिच्या ब्रेकचा. प्राणी नाही, पंजा नाही. एक रस्ता, दोन नट्या, एक बस, आणि मागची पावलं *कधी थांबवायची* याचा निर्णय. संकलक मार्क रॉबसन. पुढे ल्यूटनच्या मंडळींत अशा प्रत्येक दचक्याला 'बस' म्हणायची पद्धत पडली.

झाकली मूठ सव्वा लाखाची हे भयपटाइतकं कशालाच लागू पडत नाही. पण मूठ झाकायची तर मुठीवरचा हात तरी दिसायला हवा, आणि इथेच नवखी युनिटं गडबडतात. मी संकलित केलेल्या एका भयपटात दाराच्या फटीतून रबराचा पंजा आत येतो. सेटवरच्या मॉनिटरवर सगळे खूश. टेबलावर तो पंजा साधारण १२ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, जिवंत वाटायचा. त्यानंतर पाचही बोटं एकाच वेळी वाकायची आणि लगेच रबर दिसायचं. खरी बोटं कधीच एकदम वाकत नाहीत. आम्ही पंजा १० फ्रेमवर कापला आणि लगेच मुलीच्या चेहऱ्यावर गेलो. पंजाचा आवाज तिच्या क्लोजअपवर तसाच चालू ठेवला. फोलीमध्ये, म्हणजे नंतर स्टुडिओत वस्तू वापरून आवाज करतात तेव्हा, ओला चामड्याचा पट्टा खडबडीत लाकडावरून ओढून तो केला होता. चाचणी खेळानंतर लोक पंजाचं वर्णन करत होते आणि त्यात नख्यांचा उल्लेख होता. पंजाला नख्या नव्हत्या. पण हे जमलं कारण त्या मुलीचा, कुणाशीही न बोलता नुसतं बघत असलेला, लांबलचक क्लोजअप रशेसमध्ये, म्हणजे शूट झालेल्या कच्च्या शॉटांमध्ये, होता. तो नसता तर कापून जायचं कुठे?

म्हणून माझी एक अट लिहून ठेवा: प्रत्येक प्रसंगात प्रत्येक नटाचा न बोलता ऐकण्याचा, बघण्याचा शॉट घ्या, आणि तो दिवस संपताना नाही, प्रसंगाच्या मध्येच घ्या. सूर्य कलायला लागला की पहिली फुली त्याच शॉटवर पडते, कारण 'त्यात काही घडत नाही'.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याचं उदाहरण म्हणून जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' (१९७८) बघा. बजेट ३ लाख डॉलरच्या आसपास. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा, डोळ्यांची भोकं मोठी केलेली, कल्ले काढलेले, वर पांढरा रंग. कथा शरद ऋतूतली आणि शूटिंग दक्षिण कॅलिफोर्नियात वसंतात, म्हणून रंगवलेली पानं पसरायची, शॉट झाला की गोळा करायची, पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची. पण कॅमेऱ्यात कसर केली नाही: पॅनाव्हिजनच्या रुंद लेन्स, आणि चालत्या शॉटसाठी तेव्हा नवा असलेला पॅनाग्लाइड, म्हणजे कॅमेरामनच्या अंगावर बांधून धक्क्यांविना चालवायचा कॅमेरा. कारण त्या चित्रपटाची सगळी भीती रुंद फ्रेमच्या कडेला उभ्या असलेल्या माणसात आहे. फ्रेम अरुंद असती तर तो उभाच राहू शकला नसता. संगीत दिग्दर्शकाचं स्वतःचंच. संगीताविना कट पाहणाऱ्या स्टुडिओच्या एका अधिकाऱ्याला तो अजिबात भीतिदायक वाटला नव्हता, असं कार्पेंटरनं स्वतः सांगितलेलं आहे. ओरेन पेलीच्या 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'नं (२००७) तर रात्रीच्या प्रसंगांतून कॅमेरा धरणारा माणूसच काढून टाकला. जवळपास १५ हजार डॉलर, दिग्दर्शकाचं स्वतःचं घर, आणि झोपण्याच्या खोलीत ट्रायपॉडवर ठेवून दिलेला कॅमेरा. फ्रेम हलत नाही, कट होत नाही, तेव्हा प्रेक्षक स्वतःच कोपरे तपासत बसतो. संकलक म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

आता तुमचं यान.

कमी पैशांतल्या विज्ञानपटाला अख्खं विश्व परवडत नाही. एक नियम परवडतो. व्हिन्सेन्झो नतालीच्या 'क्यूब' (१९९७) मध्ये माणसं असंख्य घनाकृती खोल्यांच्या जाळ्यात अडकली आहेत, काही खोल्या प्राणघातक. प्रत्यक्षात सेट एकच पूर्ण खोली आणि शेजारच्या खोलीत डोकावण्यापुरता एक तुकडा. भिंतींमधले रंगीत पॅनेल बदलले की नवी खोली. पॅनेल बदलायला वेळ लागायचा म्हणून एका रंगातले सगळे प्रसंग एकदम उरकायचे. शेन कॅरूथच्या 'प्रायमर' (२००४) मध्ये कालप्रवासाचं यंत्र म्हणजे गॅरेजमध्ये जोडलेलं एक खोकं. ७ हजार डॉलर. लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, संकलन, संगीत सगळं एकट्याचं. तिथे पाहायला काही नाही, पण यंत्राचा नियम इतका काटेकोर आहे की लोक अजून वह्या घेऊन त्याचे तक्ते काढतात. फ्रेंच दिग्दर्शक गोदारनं १९६५ मध्ये 'आल्फाव्हिल'साठी भविष्यातलं शहर बांधलंच नाही, त्या वेळच्या पॅरिसमधल्या काचेच्या नव्या इमारती रात्री शूट केल्या. ख्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) जवळजवळ पूर्ण स्थिरचित्रांचा आहे, आणि त्यातही माणसं काळात मागेपुढे जातात.

तुमच्या कथेत नियम कुठे आहे? तुम्ही पाठवलेल्या सारांशात ग्रह आहे, यान आहे, बाहेरचा प्राणी आहे, पण 'काय केलं तर काय होतं' हे नाही. हवा किती तास पुरणार? दार उघडायला दोघं लागतात का? आवाज केला तर तो येतो की उजेड केला तर? यातला एक नियम पक्का केलात की चौघांमधलं भांडण आपोआप लिहिलं जाईल, आणि तुमचा ग्रह बाहेर न जाताही उभा राहील. माझा सल्ला: बाहेरचा एकही शॉट ठेवू नका. खिडकीसुद्धा नको, किंवा असलीच तर धुक्यानं भरलेली. मारिओ बावानं 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स' (१९६५) मध्ये अख्खा ग्रह स्टुडिओत मोजके बनावट खडक, रंगीत दिवे आणि ढीगभर धूर यांवर निभावला, खडक कमी पडले तिथे आरशांनी वाढवले. पण बावा मुळात छायाचित्रणकार होता, ती नजर उसनी मिळत नाही.

'यान नंतर व्हीएफएक्समध्ये (संगणकावर) करू' असं पटकथेत कुठे लिहिलेलं असेल तर ती पानं आजच फाडा. हिरव्या पडद्यापुढे उभ्या नटाच्या केसांच्या कडा, त्याच्यावर पडलेला उजेड आणि त्याची नजर कुठे आहे, हे तिन्ही शूटिंगच्या दिवशीच बरोबर असावं लागतं. ते नसेल तर नंतर कितीही रात्री बसलं तरी यान चिकटवल्यासारखंच दिसतं. आणि मग नाकापेक्षा मोती जड होतो: एका शॉटसाठी सगळ्या ध्वनीचे पैसे संपतात.

ध्वनीचे पैसे संपू देऊ नका. दाणेदार, थोडं काळपट चित्र प्रेक्षक शैली म्हणून खपवून घेतो. न कळणारा संवाद तो दोन मिनिटंही सहन करत नाही. बंद यानात राहणार असाल तर तुमचा प्राणी हा मुळात ध्वनी आहे: पत्र्यावर काय घासतंय, कुठल्या बाजूनं, आणि केव्हा थांबलं. एक चांगला ध्वनिमुद्रक संपूर्ण शेड्यूलभर हवाच. तो परवडत नसेल तर दुसरं टोक गाठा. रॉड्रिगेझचा कॅमेरा इतका खडखडायचा की शूट करताना आवाज घेताच येत नव्हता, तेव्हा तो टेक झाल्याबरोबर नटांकडून त्याच जागी तेच संवाद टेपवर म्हणवून घ्यायचा. ते जिथे ओठांशी जुळेनात तिथे त्यानं दुसऱ्या शॉटवर कट केला, आणि त्या चित्रपटाचा वेगवान कट काही अंशी त्यातूनच आला. वाईट मधला मार्ग म्हणजे कॅमेऱ्यावरच्या माइकनं घेतलेला आवाज आणि 'पुढे डबिंग करू' ही आशा. सराव नसलेल्या नटाला बंद खोलीत महिन्यांनंतर तीच धाप परत लागत नाही.

राहिलेले तीन प्रश्न.

फोनवर करा, पण कारण असलं तर. डॅनी बॉइलच्या '२८ डेज लेटर'मध्ये (२००२) रिकामं लंडन दिसतं ते पहाटे अगदी थोडा वेळ रहदारी थोपवून घेतलेलं; छोटे डिजिटल कॅमेरे पटापट मांडता आले म्हणून ते जमलं, आणि चित्राचा खडबडीतपणा त्या उद्ध्वस्त जगाला शोभला. दिग्दर्शक सोडरबर्गनं 'अनसेन' (२०१८) आयफोनवर केला. तुमच्या अरुंद यानात फोन कोपऱ्यात, पाइपमागे, पॅनेलच्या आत बसतो, हे चांगलं कारण आहे. अडचण अंधाराची. लहान सेन्सरला अंधार झेपत नाही, काळा भाग उकळल्यासारखा हलत राहतो. म्हणजे दिवे जास्त लावून नंतर ग्रेडिंगमध्ये (चित्राचा रंग-उजेड जुळवताना) काळोख करावा लागेल, आणि फोनचा ऑटो एक्स्पोजर, ऑटो फोकस बंद करता येणारं अॅप लागेल.

मुद्दाम वाईट करण्याचा विचार सोडा. ते हात दाखवून अवलक्षण आहे. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या सिनेमावर लोक आजही हसतात, कारण त्याचा दिग्दर्शक एड वुड याला तो मनापासून चांगला करायचा होता. त्यातले नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारले, तेव्हा हाताशी असलेले त्यांचे थोडे शॉट त्यानं वापरले आणि बाकीच्या ठिकाणी, चेहऱ्यात काडीचंही साम्य नसलेला, बायकोचा हाडवैद्य झग्यानं तोंड झाकून उभा केला. हे कुणी डोळा मारत केलं असतं तर दहा मिनिटांत कंटाळा आला असता. विनोदी करायचं असेल तर सरळ विनोदी लिहा. कार्पेंटरच्या 'डार्क स्टार' (१९७४) मध्ये परग्रहवासी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा फुगीर चेंडू आहे आणि चित्रपट ते लपवत नाही, पण त्यातली माणसं आपापल्या वैतागाबद्दल पूर्ण गंभीर आहेत.

आणि हो, झटपट, स्वस्त सिनेमे काढणाऱ्या रॉजर कॉर्मनचं नाव सांगून दोन दिवसांत सिनेमा करायचं स्वप्न कुणी दाखवेल. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) मधले आतले प्रसंग दोन दिवसांत झाले हे खरं, पण उभा सेट होता, आधी तालमी झाल्या होत्या, आणि कॉर्मनच्या गाठीला तोवर कित्येक चित्रपट होते.

लघुपट मात्र आधी कराच. सॅम रेमी आणि मित्रांनी 'द ईव्हिल डेड'साठी पैसे उभे करायला 'विदिन द वुड्स' नावाचा अर्ध्या तासाचा नमुना केला होता. लाकडी फळीवर कॅमेरा बांधून दोघांनी दोन्ही टोकं धरून जंगलातून पळायचं, अशी त्यांची स्वस्त अक्कल गुंतवणूकदारांना पटवून देण्याइतकी मोठी ठरली. तुमच्या बाबतीत अख्खी कथा लहान करू नका. पटकथेतला सगळ्यात अवघड एक प्रसंग घ्या, बहुधा दार उघडायचं की नाही यावरून चौघांचं भांडण होतं तो. एका खोलीत, खऱ्या ध्वनीसह, ऐकणाऱ्यांच्या क्लोजअपसह शूट करा आणि पूर्ण कट करून तुम्हाला न ओळखणाऱ्या पाचसहा लोकांना दाखवा. त्यांना मत विचारू नका, लोक भिडेखातर चांगलंच बोलतात. 'बाहेर काय होतं' एवढंच विचारा. त्यांनी वर्णन करायला सुरुवात केली तर पुढच्या पैशांमागे लागा. खांदे उडवले तर आधी नियम आणि ध्वनी दुरुस्त करा, कॅमेरा नाही.

शेड्यूलबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही, कारण तुमची खोली तुम्हाला सलग मिळणार आहे की फक्त रात्री, आणि सेट लावून ठेवता येणार की रोज काढावा लागणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं सांगा. रोज काढावा लागणार असेल तर वरच्यापैकी बरंच बदलेल. मग चौघांऐवजी दोघंच ठेवा म्हणेन.